तळमजल्याला भाडेकरू हवा

"तळमजला एक महिना जरी रिकामा राहिला ना पापा काझ, तर मी बुडाले," आफिया म्हणाली.

अमेरिकेतल्या वुस्टर शहरातल्या त्या तीन मजली लाकडी घराचा म्हातारा मालक काझिस तिच्याकडे पाठ करून बिटाचे सार ढवळत होता. बँकेने आफियाला गोड बोलून वाटेला लावले होते, म्हणून तो स्वतःच तिला घर हप्त्यांनी विकत होता. सोमवारी वकिलाकडे सह्या. वरच्या मजल्यावर आफिया राहतच होती, तिथेच राहणार. मधल्या मजल्याचे आणि तळमजल्याचे भाडे येणार, त्यातून काझिसचा हप्ता, कर, विमा, पाणी जाणार. सगळे जाऊन महिन्याला दोनशे डॉलर उरत होते. वृद्धाश्रमातल्या नोकरीत आजवर तिच्या हाती कधी काही उरले नव्हते. त्या दोनशेंच्या नुसत्या विचारानेच तिला गुदगुल्या होत. पण काझिस मुलाकडे फ्लोरिडाला चालला होता आणि तो राहत होता त्या तळमजल्याला अजून भाडेकरू नव्हता. सगळे घोडे तिथे अडले होते.

"एक आहे माझ्या बघण्यात," काझिस साराकडेच बघत म्हणाला. "एकटा जीव. कुत्रं नाही, दारू नाही. पहिल्या तारखेला पैसे."

"वय?"

"ब्याऐंशी."

"नको रे देवा! अहो, दिवसभर म्हाताऱ्यांचंच तर करते मी. गॅस चालू ठेवतात, नळ उघडा टाकतात, आणि वर आपल्यावरच ओरडतात. घरी येऊनही तेच? एखादं तरुण जोडपं बघा ना."

"नळ नाही उघडा टाकत तो."

"सगळे असंच म्हणतात. स्वयंपाक तरी येतो का?"

"सार करतो," काझिस अगदी बारीक आवाजात म्हणाला.

आफियाने पातेल्याकडे पाहिले. मग कोपऱ्यातल्या खोक्यांकडे. सामान भरायला मुलाने पाठवलेल्या त्या खोक्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आपण काय बोलून बसलो ते कळले आणि तिने जीभ चावली. मग मात्र तिला हसू आवरेना.

"मुलाला सांगितलंत?"

"सांगितलं, तिकडे फार उकडतं म्हणून. आणि हे बघ पोरी, भाडं बाजारभावाने देणार. फुकटची दया नको. फार तर पन्नास डॉलर कमी कर."

"एक डॉलरही नाही!"

"शाब्बास!" काझिस खूश झाला. "आता मालकीण शोभतेस."

आफियाने खुर्ची पुढे ओढली आणि ताठ बसली. "मग रीतीप्रमाणे विचारते. याआधीच्या घरमालकाचं नाव सांगा. त्याला फोन केल्याशिवाय इथे कुणी जागा देत नाही. मलाही तुम्ही दिली नव्हती."

काझिस गडबडला. याच घरात जन्मलेला माणूस, त्याला कुठला घरमालक? हातातला डाव तसाच धरून तो खरोखरच काळजीत पडला.

"मला घरमालक कधी नव्हताच गं," तो म्हणाला. मग जरा विचार करून त्याने छताकडे बोट दाखवले. "वरच्या मजल्यावर एक बाई राहते. बरीच वर्षं ओळखते मला. तिला विचार."

आफियाने फोन काढला आणि नंबर न लावताच कानाला धरला. बराच वेळ ऐकत राहिली. मध्येच "हो का?" म्हणाली, मध्येच काझिसकडे बघून "अरे देवा!" म्हणाली. म्हातारा शाळेच्या निकालाला उभा राहावा तसा उभा होता.

तिने फोन खाली ठेवला. डोळे पाण्याने भरले होते आणि ते तिने लपवले नाहीत.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, फार कटकट्या आहे. जिन्यातला दिवा चालू राहिला तर जीव खातो. पण म्हणाली, याला सोडू नकोस."