नाव घेणं

"शेवंती कोण?" लंडनच्या पोर्तुगीज वकिलातीतल्या अधिकाऱ्याने म्हातारीच्या जन्मदाखल्यावर बोट ठेवलं. "तुमच्या ब्रिटिश पासपोर्टवर तर मृणालिनी आहे."

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. ब्रेक्झिटनंतर युरोपात नोकरी करायची तर तिला पोर्तुगीज नागरिकत्व हवं होतं, आणि ते मिळणार होतं आईमुळे. आईचा जन्म पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातला, डिचोलीचा. "आई, हे भलतंच नाव कुणाचं गं?"

"माझंच की!" म्हातारी खुर्चीत ताठ झाली. "लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'मृणालिनी' लिहिलं. त्यानंतर शेवंती म्हणून मला कुणी हाकच मारली नाही. लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही नावं आहेत, दाखव त्यांना."

अधिकाऱ्याने दाखला नीट वाचला आणि हसून मान डोलावली. लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला. "आई, पण अर्जावर आता जन्माचंच नाव लिहावं लागेल. चालेल ना?"

"चालेल काय, धावेल!" तिने लेकीच्या हातातलं पेन काढून घेतलं. "जन्मभर उखाण्यात ह्यांचं नाव घेतलं. आज माझं घेते."