चार बोटं

आमच्या पार्कातल्या नव्या झुल्याचा पहिलाच रविवार होता. सकाळी साहेब म्हणाले, "कवडू, आज गर्दी आवरायची आहे. दारातल्या जिराफाची रेघ चार बोटं खाली घे, झुल्यापाशी असलेल्या जिराफाची चार बोटं वर." लाकडी जिराफांच्या मानेवरच्या लाल रेघांनी आम्ही पोरं मोजतो. दारात डोकं रेघेच्या वर गेलं की पूर्ण तिकीट, झुल्यापाशी खाली राहिलं की बसायला मनाई. जुन्या रेघा झाकून मी नव्या ओढल्या. रंग ओला असतानाच दार उघडलं. खाप्याहून आलेल्या एका बाईने आपली मुलगी जिराफाला टेकवली. डोकं रेघेच्या वर गेलं. पूर्ण तिकीट काढतानाही बाई हसली, "मोठी झाली नं माही पोरगी!" दुपारी मी झुल्यापाशी पोरं मोजत होतो. दोन तास रांगेत उभी राहून तीच मुलगी आली आणि आपणहून जिराफाला टेकली. डोकं रेघेच्या खाली राहिलं. "नाही जमत," मी म्हणालो. "काहून जी काका? सकाळी तं मी मोठी होती." दोन्ही रेघा माझ्याच होत्या. "चाल वं, आपलंच चुकलं असन," म्हणत बाईने तिला वळवलं, तर डोक्यामागच्या पांढऱ्या रिबिनीवर लाल पट्टा उमटलेला. बाईने रिबिनीकडे पाहिलं, मग माझ्या लाल नखांकडे. मी झुल्याच्या वाटेतली साखळी काढली. मुलगी मात्र जागची हलेना. "पहिले सांगा नं काका, मी लहान आहो का मोठी?"