अळणीचा नवस

या मायबापहो, जरा जवळ सरका, सन चोपन्नची एक गोष्ट सांगतो. कुरखेड्याकडच्या आठ वर्षांच्या तुळसाचा रक्तदाब वाढला, म्हणून चांद्याच्या डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं. लेक बरी होईस्तोवर आपणही अळणीच जेवू, असा नवस तिच्या मायनं, रंभानं, मार्कंड्याच्या देवाला केला. पण वर्षभर पोरीचं करता करता रंभा पार पिचून गेली. एका दुपारी गोठ्यामागे बसून तिनं आंब्याचं लोणचं खाल्लं, अन् मग रोजच खाऊ लागली.

अर्धी झालेली बरणी पाहून सासू तुळसावर कडाडली, "काऊन वं, मीठ बंद हाये न तुहं? चोरून खाल्लं?"

"हो आजी, मीनंच खाल्लं."

 रंभा मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. सासू गेल्यावर तिनं लेकीला जवळ ओढलं.

"खोटं काऊन बोलली वं?"



"मीनं तुले गोठ्यामागे खाताना पाह्यलं. तुहा नवस मोडला हे देवाले समजलं, तं तो तुले नेईल ना, माय."

मायबापहो, आज आरतीला हात जोडाल तेव्हा त्या लेकराला आठवा, अन् तिच्या थकलेल्या मायलाही.