उसन्या शिंका

वर्षापूर्वी धाकट्या भावाने अस्थिमज्जा दिली, म्हणून ताई वाचली. आज डॉक्टरांच्या परवानगीने तिचं मांजर शेजाऱ्यांकडून घरी परतलं. अर्ध्या तासात ताईला शिंकांवर शिंका आल्या, डोळे लालबुंद झाले. नवी प्रतिकारशक्ती कोलमडली की काय, या धास्तीने भावाने डॉक्टरांना फोन लावला. “ताप?” “नाही.” “तुम्हाला मांजराची अ‍ॅलर्जी आहे?” “लहानपणापासून.” “मग घाबरू नका. तुमच्या पेशी तिच्या अंगात छान रुजल्यात. मांजर शत्रू असतं ही तुमची समजूतही सोबत घेऊन गेल्यात. उद्या तपासू.” भावाने फोन ठेवून ताईला सगळं सांगितलं. त्याच्या शिंकांना ताई आजवर ‘नाटकं’ म्हणत आली होती. आता मांजराला बाल्कनीत सोडून ती डोळे चोळत म्हणाली, “असं खाजायचं रे तुला?” “असंच,” तो म्हणाला. “मग गाढवा, इतकी वर्षं दर रविवारी माझ्याकडे कशाला येत होतास?”