पहिला डोस

आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी बाही वर करायला सांगितली, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "मला लस कशाला? ही 'ब' प्रकारची कावीळ रक्तातून पसरते. आईचं लिव्हर गेलं, आई गेली. आता घरात आहे कुणाला?" नर्सबाई माझ्याकडे बघत राहिल्या. दुकानात गिऱ्हाइकांची दाढी करताना माझं तोंड बंद नसतं. बायको म्हणायची, वस्तऱ्याहून जीभ जास्त चालते. तिथे मात्र आधी दोनच शब्द निघाले. "मला आहे," मी म्हणालो. "दोन वर्षांपूर्वी रक्तदानात कळलं. त्रास काहीच नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, बायकोलाही होऊ शकते, तिला लस द्या. न्हाव्याच्या रक्तात कावीळ म्हटल्यावर खुर्चीत कोण बसेल? म्हणून रिपोर्ट लपवला." "आईला माहीत होतं?" "नाही." तिने दंड पुढे केला. टोचून झाल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "पुढचा डोस महिन्याने. बाबांनाही तपासणीला आणा." बाही खाली ओढत ती म्हणाली, "मी एकटीच येईन."