नऊ फूट

चुन्याची ताजी रेघ. ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. खुंटीवर अजून लटकलेला एक सदरा.

नगरपंचायतीनं नवा बांधकाम-नियम केला : गल्ली नऊ फूट मोकळी हवी. रेघ नेमकी बशीरचाचांच्या ओट्यावरून गेली. नियम मांडणारी नगरसेविका त्यांचीच सून, मलिहा.

चाचांचा पारा चढला. "घरचीच सून ओटा पाडून राह्यली! तिकडं वरवट गावाले सहा फूट पुरते, तुलेच नऊ काऊन पाह्यजे?"

"अब्बा, सहा फुटात खांदा देणारे चौघं वळत नाहीत."

चाचा ओट्याकडं वळले. मग त्यांनी मिरच्या गोळा केल्या आणि घरातून स्वतः कुदळ आणली.

मागच्या साली त्यांच्या पोराचा, मलिहाच्या नवऱ्याचा, अनसचा जनाजा याच ओट्याशी अडला होता. तो तिरका करून काढावा लागला होता.