आज मालिश नको

वैद्य सुमेधा दिघेंनी तेलाची वाटी खाली ठेवली. अर्धांगवायूच्या वॉर्डात मालिश करायची परवानगी त्यांना मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. पण आज पाटणकर मास्तरांची पोटरी सुजून गरम लागत होती.

"आज मालिश नको. आधी डॉक्टरांना बोलवा," त्या नर्सला म्हणाल्या.

डॉक्टरांनी तपासलं. शिरेत रक्ताची गुठळी होती. चोळताना ती सुटून थेट फुप्फुसात गेली असती. औषधं लगेच सुरू झाली. धोका टळल्यावर डॉक्टर स्वतःच म्हणाले, "ताई, आता तुमचं तेल आणि आमचा व्यायाम बरोबरच चालू करू."

वर्षअखेरीस रुग्णालयाने सुमेधाताईंचा सत्कार केला. डॉक्टर माइकवर म्हणाले, "कुठे थांबायचं, हे यांच्याकडून शिकावं." मग मास्तर हातात शाल घेऊन, कोणाचाही आधार न घेता, व्यासपीठाची एकेक पायरी चढत वर आले.